मयतीचं खोकं आणि आमची पालेभाजी

प्रिय लूपेताईस,
धाकट्या मासिनाचा नमस्कार.

ऑकलंडच्या थंडीत तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आटोक्यात असावेत, अशी रोज प्रार्थना करते. इकडे बेटावर सगळं क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

आमच्या ह्यांची साखर वाढली. नर्सबाईंनी पायाचं काळं पडलेलं बोट दाबून बजावलं, "डब्यातलं खारं मांस बंद! नाहीतर आधी हे बोट जाईल, मग पाऊल." तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. आठवड्याला हातात पैसे येणार चाळीस ताला, त्यात साबण, मीठ आणि चर्चची वर्गणी. दुकानातलं गाजर तर बोटीतून येतं, त्याला हात लावायची सोय नाही. म्हणून परसातला अळू, पपई, भोपळा आणि थोरल्याने पकडलेले मासे, यावर मी घर चालवलं.

पण ताई, नवरा गावचा वक्ता असला की बायकोने पथ्य सांभाळायचं तरी कसं? कुणी गेलं की ह्यांनी काठी टेकवून भाषण ठोकायचं आणि मानाचं म्हणून खाऱ्या मांसाच्या डब्यांचं खोकं घरी आणायचं. नाकारलं तर मेलेल्याचा अपमान! (यंदा म्हातारी माणसंही नेमकी ओळीने निघालीत.) मी म्हटलं, "अहो, भाषण जरा आखूड करा, मान कमी मिळेल." तर म्हणाले, "वेडी का तू? लोक म्हणतील, हा आजारी आहे!" वर मलाच टोमणा, "फुकटचं नको म्हणतेस आणि काटकसर मला शिकवतेस!"

शेवटी मी खोकं दुकानदाराला विकून गाजरं आणि कडधान्य आणलं. पुढच्या मयतीला तेच खोकं (कोपऱ्यावर आमच्याच कोंबडीची टोच) दारात हजर. पुन्हा विकलं, पुन्हा आलं. लेक माहेरी येत नाही इतक्यांदा ते आलं. मग वैतागून मी ते पेटीत कोंडलं आणि किल्ली कमरेला लावली. हे तोंड पाडून पालेभाजी खातात, पण खातात. काल नर्सबाईंनी तपासलं. साखर उतरली, बोट वाचलं. ताई, मी दवाखान्यातच रडले गं.

तेव्हा नाताळला नेहमीचे डबे पाठवू नकोस. कडधान्य पाठव.

तुझी,
मासिना

ता. क. ह्यांची आत्या वारली (बोटाच्या आनंदात लिहायचं राहिलं). या वेळी खोकं देण्याची पाळी आमची आहे आणि पेटीतलं खोकं जरा हलकं झालंय. हे भाषणाला गेले की दुपारी घर फार शांत असतं गं. भावोजी मयतीला येतीलच, त्यांच्या बॅगेत कडधान्याखाली डबे घाल. किती ते विचारू नकोस, बॅग भरून घाल.

ता. क. आणखी एक, दोन दिवसांनी. ह्यांना सांगू नकोस, असं लिहिणार होते. पण त्या दिवशी दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी माझंही रक्त घेतलं होतं, त्यात साखर निघाली. किल्ली आता ह्यांच्या कमरेला आहे, आणि मी अळू संपवेपर्यंत हे काठी टेकवून ताटापुढे उभे राहतात. भाषण मुळीच आखूड नसतं.