मागची सतरंजी

सोनपेठ, १९४९

चि. दैवशाला,

मागल्या महिन्यात एका रविवारी चर्चात बायबलातल्या मर्दखयाचा पाठ होता. परक्या राजाच्या दारावर चाकरीला बसून त्यानं राजाला वाचवलं, आन् आपल्या लोकांनाही. नंतर राज्य करणाऱ्यासाठी मी प्रार्थना चालवली, तवा निजामाचं राज जाऊनही सवयीनं माझ्या तोंडून हुजूर निजामाचंच नाव गेलं.

तुझा नवरा उठून ओरडला, "मामा, बस करा! लोक आपल्यालाच निजामाचे म्हणतील."

रझाकार वस्तीवर आले तवा निजामाच्या कचेरीतला माझा शिपायाचा पट्टा घालून मीच आडवा झालो होतो. तो पट्टा बघून ते माघारी फिरले. तुझा नवरा तवा माझ्याच घरात लपला होता.

आता प्रार्थना तोच करतो. मी मागच्या सतरंजीवर बसतो. लय थकलोय, पोरी. तुमच्यात भांडण नको म्हणून हे पत्र धाडत न्हाई.

आज त्यानं नव्या सरकारासाठी प्रार्थना केली. सगळ्यात मोठ्यानं आमेन मीच म्हणलं.

तुझा बाप,
शांतवन