निळे कॅन

सोमवार, ३
कारखान्याच्या स्टोअरमध्ये दोन निळे कॅन. एकात फरशी पुसायचं लिंबाच्या वासाचं पाणी, दुसऱ्यात कॉस्टिक, कातडी जाळणारं – त्याला वासच नाही. दोन्हींची लेबलं गळून पडलेली. सफाईच्या बाईंनी विचारलं, मास्तर, फरशीचं कोणतं? मी एकाचं टोपण काढलं, नाकाशी धरलं, म्हटलं – हे घ्या. लेबल गेलं की मास्तरांचं नाक, अशीच इथली रीत. बाईंनी बादलीत ओतलं, फडकं बुडवून पिळलं. दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत भाजले.

मंगळवार, ४
या वहीलाही कधी सांगितलं नाही : मला वास येत नाही. चार वर्षं झाली, अंदाजानं भागवत आलो. तापातून उठलो, हिची शाल ट्रंकेतून काढून नाकाशी धरली – नुसती लोकर! ही गेली त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. शाल परत घडी घालून ठेवली.

तिसरीत फुलांची एक कविता होती. गुरुजी बाकावर ताल धरून म्हणवून घेत, आणि मला पुस्तकाच्या पानाला खरंच वास यायचा. कविता अजून तोंडपाठ आहे.

नाक गेलं म्हणून सांगितलं असतं, तर घरी बसवलं असतं. घरी आहे कोण बोलायला?

गुरुवार, ६
साहेबांनी अहवाल लिहिला : बाईंनी न विचारता कॅन उचलला, हातमोजे नव्हते, चूक त्यांची. कामावर परत घ्यायचं नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं, त्याचीच लाज वाटली.

शुक्रवार, ७
साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

शनिवार, ८
साहेबांना सगळं सांगितलं. आधी हसले. मग डोळे मिटायला सांगून नाकापुढे काहीतरी धरलं. मी म्हटलं, साबण. अत्तर होतं. हसू मावळलं. म्हणाले, "इतकी वर्षं अख्खा कारखाना तुमच्या नाकावर चालला, मास्तर!"
अहवाल फाडला. बाईंची नोकरी टिकली. स्टोअरच्या किल्ल्या मी टेबलावर ठेवल्या.

रविवार, ९
इस्पितळात गेलो. बाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांनी बँडेजातले हात उचलून मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "लिंबाचा वास मलाही आला नव्हता हो. पण म्हटलं, मास्तर सांगतायत म्हणजे माझंच नाक चोंदलं असेल."