डोंगरावर तुम्ही हसत होतात

अप्पा, दर उन्हाळ्यात तुम्ही ज्या गावी जायचात तिथं मी शेवटी जाऊन आले. कुन्नूरच्या वर, चहाच्या मळ्यांतलं ते गाव. तुम्ही गेलात, मागोमाग आई गेली, त्यालाही आता किती वर्षं झाली. मी शाळेतून निवृत्त झाले म्हणून माझ्या मुलानं तिथल्या एका जुन्या हॉटेलात खोली घेतली. तुम्ही कामाला जायचात ते हेच हॉटेल, हे त्याला ठाऊकही नव्हतं. फाटकावरचं नाव मी गाडीतूनच दोनदा वाचलं. "काय झालं, अम्मा?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, घाटाची वळणं लागली.

मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात एरवी तुम्ही टांगा हाकायचात. आपले पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, एवढी एक गोष्ट तुम्ही कधीमधी सांगायचात, तीही बाहेरच्यांना. उन्हं तापायला लागली की हॉटेलवाल्यांचं बोलावणं यायचं. पाहुण्यांच्या मुलांना तट्टांवर बसवायचं, मळ्यांतून फिरवून आणायचं, हे तिथलं तुमचं काम. अजून डोळ्यांपुढे आहे, आई स्वयंपाकघरात कोरडी चटणी, चटणीपुडी कुटते आहे, नाचणीचं पीठ पिशवीत दाबून भरते आहे. "फार थंडी असते ना तिथं, अल्वा? कान बांधून निजा," ती म्हणते. तुम्ही उत्तर देत नाही. आम्हा बहिणींशीही बोलत नाही. आई आम्हाला समजवायची, परक्यांच्या तबेल्यात, गारठ्यात राहून माणूस असा होतो. मी ते खरं मानलं. तुमची कीव करत मोठी झाले मी. एकदा टांग्याच्या घोडीवर चढून बसले होते, तेव्हा तुम्ही मारलं नाहीत. बखोटीला धरून खाली उतरवलंत आणि म्हणालात, "सुम्ने, गुपचूप घरात जा. घोडा पोरींसाठी नाही." मग घोडी बिथरली असेल म्हणून तिची मान थोपटत कितीतरी वेळ उभे राहिलात. मी उंबऱ्यातून बघत होते.

तुमचा तबेला आता तबेला नाही. तिथं तेलमालिश करून घ्यायला लोक येतात, दाराशी पाण्यात फुलं तरंगत ठेवलेली असतात. व्हरांड्यात जुन्या दिवसांचे फोटो लावलेत. शिकारीहून परतलेले साहेब, टोप्या घातलेल्या बायका, आणि एका फोटोत तुम्ही. तट्टाचा लगाम हातात, पाठीवर कुणाचंसं गोरंगोमटं मूल, आणि तुम्ही तोंडभर हसताय. तुमचे दात असे दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. फोटोखाली तट्टाचं नाव लिहिलंय, तुमचं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. मनात आलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून धबधबा बघायला गेले. गुडघे दुखतात म्हणून मी मागे राहिले आणि उतारावर चहाची टपरी होती तिथं जाऊन बसले. टपरीवाली माझ्याच वयाची, डोक्याला पांढरं फडकं बांधलेली. तिथल्या डोंगरी लोकांची तिची बोली आपल्या कन्नडसारखीच, थोडी वेगळी लागत होती, पण कळत होती. मैसूरहून आले म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "आमचे मैसूरप्पा तिकडचेच. घोडेवाले. लष्कर मोहल्ल्यातले."

मी म्हटलं, ऐकलंय.

मग ती थांबेचना. तिचा बाप दरड कोसळून मळ्यातच गेला, आई दिवसभर चहा खुडायची, पोरगी तबेल्यापाशी घुटमळायची. "आधी मैसूरप्पा मला भात द्यायचे, त्यावर चटणीपुडी. मग एक दिवस उचलून तट्टावर बसवलं. मी रडले, तर म्हणाले, भिऊ नकोस, तो तुला पाडणार नाही, मी आहे ना. पुढं मी एकटी दौडत जायचे, त्या वरच्या देवळापर्यंत! ते गाणी म्हणायचे, नकला करायचे. फार बोलके. मला म्हणायचे, मला मुलगी नाही गं, तूच माझी मुलगी."

चहाचा पेला मी खाली ठेवला. अप्पा, मी तुमच्या बाजूनंही विचार करून बघितला. बाप गेलेल्या पोरीला धीर द्यायला माणूस असं बोलून जातो. मीही वर्गातल्या मुलांना काय काय बोलले असेन. पण आम्ही दोघी मुली होतो, अप्पा. पायांवर पाणी घालायला, जेवायला हाक मारायला, तुमच्या मूडचा अंदाज घेत भिंतीकडेनं चालायला आम्ही होतो. आईनं कुटलेली चटणीपुडी तुम्ही तिच्या भातावर घातलीत. तुमच्यापाशी बोलणं होतं, गाणं होतं, दम देण्याऐवजी धीर देणंही होतं. ते सगळं दर वर्षी तुम्ही डोंगरावर ठेवून खाली उतरत होतात.

तिनं आतून एक खरारा आणला, घोडं घासायचा, दात झिजलेला. शेवटच्या खेपेला तुम्ही तिला दिला होता म्हणे. "आता मला हा ठेवून काय करायचं? त्यांच्या घरचं कुणी असेल तर त्यांना द्याल? तुम्ही कोण त्यांच्या?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "एका गल्लीत राहायचो. त्यांच्या घरचं आता कुणी उरलं नाही."

"अय्यो," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसून खरारा परत आत घेऊन गेली.

हे सगळं कुणापुढं बोलावं? धाकट्या बहिणीला सांगितलं तर ती तुमच्या फोटोला हार घालते तेवढंही थांबवेल. म्हणून लिहिते आहे, आणि लिहून फाडून टाकणार आहे. तिला दुखवायचं नव्हतं म्हणून मी तसं बोलले, असं म्हणता आलं असतं. तसं नव्हतं. तुम्हाला नाकारताना मला बरं वाटलं, अप्पा, फार बरं वाटलं. घाट उतरून गाडी बंदीपूरच्या जंगलात शिरेपर्यंत बरं वाटत होतं. गुंडलूपेटला मुलानं कॉफीसाठी गाडी थांबवली, तेव्हा तो खरारा आठवला आणि मी खाली उतरू शकले नाही.