सुई एकच आहे

३ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
ग्रँट मिळाली! पुण्याच्या फाउंडेशनची. पत्रात 'स्मॉल ग्रँट' असं आहे, पण स्टाफरूममध्ये वाचून दाखवताना 'स्मॉल' गाळला. विषय: मोताळा तालुक्यातली सुईची नशा आणि एचआयव्ही. इथे माझ्याआधी यावर कोणी काम केलेलं नाही. माझ्यानंतर कोणाला करावं लागू नये, इतकं पक्कं करणार.
बायकोला सांगितलं. प्रतीक्षा म्हणाली, "तुमाले तं बोटात काटा गेला तरी घेरी येते." दुर्लक्ष केलं.
संकल्प: १ डिसेंबरच्या एड्स दिनाआधी अहवाल. त्याहीआधी स्वतःची तपासणी करून लोकांपुढे उदाहरण ठेवायचं. उद्याच.

४ ऑक्टोबर
तपासणी राहिली. रिकाम्या पोटी नको म्हणून जेवलो, मग भरल्या पोटी नको वाटलं.

७ ऑक्टोबर
सरकारी दवाखान्याच्या तपासणी केंद्रातल्या समुपदेशक समता मॅडमना भेटलो. प्रोजेक्टमध्ये सहायक म्हणून घेतलं. त्यांच्या माहितीत सुईनं नशा करणारे चारच जण आहेत. दोन वर्षं त्यांच्या मागे आहेत, पण एकही तपासायला येत नाही. म्हणाल्या, "सर, आधी त्यांच्यासंग चहा प्या. फॉर्म मंग काढा."
मी समजावलं, चार म्हणजे सॅम्पल नव्हे, कॅरमचा डाव. त्या हसल्या नाहीत. मेथडॉलॉजी कच्ची असावी.
माझी तपासणी आजच करू म्हणाल्या. गुरुवारचा उपास आठवला. आज सोमवार आहे हे घरी आल्यावर लक्षात आलं.

१२ ऑक्टोबर
प्रश्नावली तयार. एक क्रांतिकारक निर्णय: 'इंजेक्शन' हा शब्द हद्दपार. आपले लोक काय म्हणतात? 'सुई टोचली'. म्हणजे सुईच लिहायचं. शिवाय विषय नाजूक, तेव्हा नशेचं नाव पहिल्या पानावर नको. आडून आडून शिरायचं.
समता म्हणाल्या, "नुसतं सुई लिहू नका सर. सुया छप्पन कामाच्या असतेत." पुस्तकी शंका. सोडून दिली.

२१ ऑक्टोबर
आज इतिहास घडला. सोयाबीनची आवक जोरात, मार्केट यार्डात चाळीस हमाल. त्यांचे मुकादम उकंडराव. मला वाटलं, बोलायला लाजतील. छे. मन मोकळं करून बोलले.
दिवसातून किती वेळा सुई हातात घेता? "सीझनमधी दोनशे खेप तं आरामात." अतिशयोक्ती गृहीत धरून निम्मे लिहिले.
एकमेकांची वापरता का? "सुई एकच हाय सर. सारे तिच्यावरच तं चालते."
किती वर्षांची? "माह्या बापाची हाय."
बापाची! पिढ्यानपिढ्या! दोनदा अधोरेखित केलं. स्वच्छ कशी करता? पायजम्याला पुसतो म्हणाले. वर मलाच विचारलं, "काऊन सर, नवी देऊन राह्यले काय?"
केवढी ही निरागसता. डोळे भरून आले.

२२ ऑक्टोबर
चाळीसपैकी अडतीस! उरलेल्या दोघांपैकी एकाचा हात प्लास्टरमध्ये, दुसरा म्हणाला, "मी निस्ता उचलतो." तो नक्की लपवतोय.
फाउंडेशनच्या अपेक्षा मॅडमना मेल केला. 'देशाच्या नकाशावर मोताळा' असं एक वाक्य टाकलं. समतांना दाखवणार होतो, पण त्यांची फिल्डवर पायपीट चालू होती.

५ नोव्हेंबर
महिलांमध्येही तेच. तालुक्यातल्याच अन्नपूर्णाबाई शेजारणीची सुई आणतात आणि परत द्यायला विसरतात. वर लाजायचं सोडून म्हणाल्या, "गोधड्याच्या दिवसात तं आमी चौघीजणी एकीवरच भागवतो." गोधडी आणि नशा यांच्यातला संबंध तपासायला हवा. थंडी?
अपेक्षा मॅडम १ डिसेंबरला स्वतः येणार! यार्डातच शिबिर, तिथेच अहवाल. परदेशी जायची वेळ आली तर पासपोर्ट लागेल.
तपासणी: उद्या नक्की. आज डाव्या हाताची नखं काढायची होती.

१८ नोव्हेंबर, दुपारी
समतांना घेऊन यार्डात गेलो. धोक्याची जाणीव करून द्यायला. म्हटलं, उकंडराव, ती सुई दाखवा.
त्यांनी टोपीत खोचलेली काढली. वीतभर लांब, टोकाला वाकडी, नेढ्यात सुतळी. समोरच्या सोयाबीनच्या पोत्याचं तोंड चार टाक्यांत शिवलं आणि म्हणाले, "हे पाहा. दोनशे पोते दिवसाले."
समता पोत्यावर बसल्या आणि बराच वेळ पदरात तोंड घालून होत्या. त्यांना बरं नसावं असं मला वाटलं.
मेल जाऊन सत्तावीस दिवस झाले आहेत.

१९ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. ही चूक नाही. स्थानिक संकल्पनांचा अभ्यास आहे. मेल लिहिला. खोडला. जेवण गेलं नाही. प्रतीक्षानं विचारलं, काय झालं? सांगितलं. ती ओट्याला धरून हसली, मग ताटात पोळी वाढत म्हणाली, "खरं सांगून टाका न मॅडमले. तुमाले लपवता येत असतं तं मले लग्नातच फसवलं असतं."
लाज वाटते आहे. लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय.

२० नोव्हेंबर
फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून विचित्र आवाज येत राहिला, नेटवर्कचा असावा. मग मॅडम म्हणाल्या, ग्रँट चालू राहील, पण प्रमुख संशोधक समता. चार माणसं पुरेशी आहेत. मी सहायक. शिबिरात पहिली तपासणी माझी, कारण प्रपोजलमध्ये मीच तसं लिहिलंय.
मी प्रपोजल फार मनापासून लिहितो.

१ डिसेंबर, संध्याकाळी
सकाळी हमालांना एकेक नवी सुई वाटली. त्यांनी हट्टच धरला होता. यार्डात आता मला 'सुईवाले सर' म्हणतात.
मग माझी तपासणी. बोटाला टोचायचं, बस. चाळीस हमाल, अपेक्षा मॅडम, दोन पत्रकार. मी दोन शब्द बोललो: "घाबरू नका, काहीही..." पुढचं आठवत नाही.
कळलं ते असं की उकंडरावांनी मला पाठीवर घेऊन सावलीत नेलं आणि वजनाचा अंदाजही सांगितला. उठलो तर बोटाला कापूस होता, म्हणजे तपासणी झाली. हमालांची रांग लागली होती. जो तो म्हणत होता, सरापेक्षा तं आपण बरे.
पाणी पीत बसलो होतो, तेव्हा एक चाळिशीचा माणूस, बहुतेक ड्रायव्हर, हमालांतला नव्हे, बाही खाली ओढत जवळ आला. "सर, लय दुखते काय?" मी खरं सांगितलं, मले काय माहीत, मी बेशुद्ध होतो. तो इतका हसला की डोळे पुसावे लागले. मग गेला आणि रांगेत शेवटी उभा राहिला.
सामान आवरताना समतांचे डोळे ओले होते. म्हणाल्या, "दोन वर्षं ज्या माणसाची वाट पाहून राह्यली होती, तो आज आला सर."
मला भरून आलं. आमची ओळख दोनच महिन्यांची, पण भावना कळल्या. नाव अहवालात देणार नाही म्हणाल्या, गोपनीय असतं.
मी म्हटलं, माझं द्यायला माझी काही हरकत नाही.
त्या म्हणाल्या, "पाणी प्या सर."