अखेरचा बदल : काल, पाच वाजून चाळीस

१७ जानेवारी १९९९, रविवार
ऐतिहासिक दिवस. मंडळाच्या तिळगूळ समारंभात आज आमची वधू-वर सूची इंटरनेटवर गेली. वहीतली भिलाई-दुर्गमधली आपली सगळी स्थळं आता अमेरिकेतसुद्धा दिसतील. बटण अध्यक्ष देवरावजींनी दाबलं, कोणतं दाबायचं ते मी सांगितलं.

कल्पना संपूर्णपणे माझी. प्रत्येक स्थळापुढे ‘अखेरचा बदल’ म्हणून तारीख आणि वेळ पडते. जुन्या वहीत मुलीचं लग्न होऊन बारसं झालं तरी नाव तसंच राहायचं. आता प्रत्येक घराला पासवर्ड दिला आहे, सगळी स्थळं उघडणारा मास्टर पासवर्ड माझ्याकडे. आपल्या स्थळाची माहिती उघडली, नजरेखालून घातली आणि बंद केली, की तारीख आपोआप पडणार. हाताने तारीख घालायची सोयच ठेवली नाही. सतरा वर्षं स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात लोकांची हजेरी मांडत काढल्यावर माणसाने सांगितलेल्या वेळेवर माझा विश्वास राहिलेला नाही. मशीन खोटं बोलत नाही.

प्रोग्राम सिविक सेंटरच्या सायबर कॅफेवाल्या बाबुलालकडून करून घेतला. त्याने मध्येच विचारलं, सर, आप मास्टर पासवर्ड से खोलोगे तो भी तारीख पड़ेगी? मी ठणकावून सांगितलं की पडेल, नियम सगळ्यांना सारखा. फार बारीकसारीक शंका काढतो.

१८ जानेवारी
माझं स्वतःचं स्थळ उघडून पाहिलं. शामसुंदर, वय ३४, निर्व्यसनी, सेक्टर सहामध्ये क्वार्टर. सर्व बरोबर. अखेरचा बदल : आज. म्हणजे माझं वय आज अधिकृतरीत्या चौतीस आहे.

आई म्हणाली, तू बाईस वर्षाचा नोकरीले लागला, आन् सतरा वर्षं झाले, मंग पस्तिशी कुठी गेली? तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही.

२४ जानेवारी, रविवार
संकल्प :
(१) रोज ड्यूटीनंतर कॅफेत जाऊन सूची तपासणे.
(२) समोसे बंद.
(३) केस काळे करणे, पण एकदम नको. ऑफिसात चर्चा होते.

२ फेब्रुवारी
एक स्थळ लक्षात राहिलं. रत्नमाला, बी.ए., वडील चरोद्याला रेल्वेत. फोटोत खिडकीपाशी उभी आहे. हसू येतंय पण दाबलंय. तिची माहिती दोनदा उघडून पाहिली. तिसऱ्यांदा फक्त शुद्धलेखन तपासलं.

३ फेब्रुवारी
आज सूची लावली तर बाकी सगळ्यांपुढे जानेवारीच्याच तारखा. लोकांना कशाची किंमत नाही. एकीपुढे मात्र कालची तारीख. रत्नमाला! अखेरचा बदल : काल, पाच वाजून चाळीस.

कालच. म्हणजे मुलगी जागरूक आहे. पुन्हा उघडून खात्री केली. माहितीत काही बदल नव्हता, नुसतंच उघडून पाहिलं असणार. घरात लग्नाचा विषय चालू असल्याशिवाय कोणी असं उघडून पाहत नाही.

समोसे दोन. थंडी फार होती.

४ फेब्रुवारी
कालची तारीख, पावणेसहा. पावणेसहाला मीही कॅफेतच होतो. याचा अर्थ काल आम्ही दोघं एकाच वेळी इंटरनेटवर होतो.

बाबुलालला म्हटलं, या तारखा किती बोलक्या असतात पाहा. तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, सर, कुछ कहूँ तो बुरा तो नहीं मानोगे? मी म्हटलं, घाईत आहे.

११ फेब्रुवारी
सोमवार ते बुधवार ताप होता, कॅफेत गेलो नाही. आज सूची लावली. तिची तारीख रविवारची! मी नव्हतो तर तीही आली नाही. तिलाही ताप असेल काय? असेल. सध्या साथ आहे.

आईला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. ती लगेच हिराकाकूला सांगते आणि हिराकाकू बाकी सर्वांना.

१५ फेब्रुवारी
चौकशी केली. चरोद्याला सायबर कॅफे नाही. म्हणजे ती रोज लोकल पकडून दुर्गला येते, आपली माहिती उघडते आणि परत जाते. एका तारखेसाठी! अशी मुलगी कुठं मिळायची. मी तर फक्त स्कूटरने जातो.

केस काळे केले. एकदमच झाले.

२८ फेब्रुवारी, रविवार
चरोद्याला जाऊन आलो. मंडळाच्या कामाने. पत्त्यांची पडताळणी नको का? त्यांच्या क्वार्टरमध्ये भलतेच कोणी राहतात. बाई म्हणाल्या, वो लोग तो रिटायर होके गोंदिया चले गए, बेटी की शादी के बाद. कोणत्या बेटीची ते मी विचारलं नाही. थोरली बहीण असणार. सूचीत बहिणीचा उल्लेख नाही, पण सूचीत सगळंच कसं लिहिणार.

गोंदियाला इंटरनेट आहे म्हणायचं. प्रगती आहे.

१ मार्च
आईला शेवटी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, चरोद्याची रत्नमाला? तिचं तं लगन झालं म्हनते बापा, दुर्गातच देल्ली. मी विचारलं, कोण म्हणतं? हळदीकुंकवात कोणी तरी. कधीची गोष्ट? ते तिला सांगता येईना. मी तिला शांतपणे समजावलं की तुझ्या माहितीला तारीख नाही, माझ्याकडे कालची तारीख आहे, वेळेसकट. आई म्हणाली, बरं, आन् ताटातले खडे माझ्याकडे सरकवले.

१८ मार्च, गुढीपाडवा
शुभ दिवस. सरळ बोलायचं ठरवून कॅफेत गेलो होतो. पण कोणाला विचारायचं? गोंदियाचा पत्ता नाही, देवरावजींना विचारलं तर ते हसतील. हसतीलच असं नाही, पण चेहरा करतील.

तेव्हा पहिलं पाऊल म्हणून तिच्या माहितीत ‘विशेष’च्या रकान्यात मी स्वतःच भर घातली : ‘स्थळ पाहणे अद्याप सुरू आहे.’ चुकीचं काहीच नाही. जी मुलगी रोज स्वतःची माहिती उघडते तिचं स्थळ पाहणं सुरूच असणार. तिला न आवडलं तर ती काढून टाकेल.

१९ मार्च
काढलं नाही.

२६ मार्च
अजूनही काढलं नाही. आठवडा झाला. होकार तरी आणखी वेगळा काय असतो?

निळ्या सफारीचं कापड घेतलं. शिंप्याला पोटाचं माप थोडं आत धरायला सांगितलं. तोवर कमी होईल.

११ एप्रिल, रविवार
मंडळाची तातडीची मीटिंग. मला वाटलं सत्काराची आहे, म्हणून नवी सफारी घालून गेलो.

खुर्चीवर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. मारोतराव, राहणार दुर्ग. डोळे लाल. देवरावजींनी त्यांना पाणी दिलं आणि मला बसायलाही सांगितलं नाही. मारोतरावांचा धाकटा मुलगा नागपूरला असतो. तो स्वतःसाठी मुली पाहायला म्हणून आमची सूची लावून बसला, तर त्यात त्याची वहिनी. मागच्या वैशाखात लग्न होऊन आलेली. मोठा मुलगा रसमड्याच्या कारखान्यात आहे, त्याची बायको. फोटो तोच, खिडकीपाशी. स्थळ पाहणे अद्याप सुरू आहे. अखेरचा बदल : काल.

मारोतराव म्हणाले, तीन दिस झाले, घरात चूल पेटली नाई जी. माह्या बायकोनं सुनेची पेटी भरून दारात ठेवली. पोरगा बोलत नाई. सून म्हनते मी काई केलं नाई, पन तारीख तं रोजची हाये.

मी ताबडतोब म्हणालो की तारीख चुकू शकत नाही. हे मी का म्हणालो मला माहीत नाही. सतरा वर्षांची सवय.

मग म्हणालो की हे कोणा हॅकरचं काम आहे. देवरावजींनी बाबुलालला बोलावलं होतंच. त्याने खाली बघत, अगदी हळू सांगितलं, हॅकर नहीं है. ये तो सर ही रोज खोलते हैं. मैंने एक बार बोलने की कोशिश की थी.

सफारीत घाम येतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कॅफेत गेलो नाही. सगळं डोक्यात परत जुळवून पाहिलं. पाच चाळीस मी. पावणेसहा मी. तापात न आलेला मी. लोकलने रोज दुर्गला येणारी ती मुलगी कोणी नव्हतीच. होती ती दुर्गातच होती, भरलेल्या पेटीजवळ बसून, माझ्या तारखांचा जाब देत.

लाज वाटते आहे. दुसरा शब्द सापडत नाही.

१२ एप्रिल
रजा टाकून दुर्गला गेलो. देवरावजी आणि आई सोबत. आईला मी नेणार नव्हतो, ती चप्पल घालून स्कूटरजवळ उभीच होती.

पेटी खरंच दारात होती. सासूबाई, मारोतराव, तिचा नवरा, सगळ्यांसमोर मी सांगितलं की तुमच्या सुनेने काहीही केलेलं नाही, माहिती रोज मीच उघडत होतो आणि ती ओळही माझीच. नवऱ्याने विचारलं, कितने दिन से? मी म्हणालो, फेब्रुवारीपासून. तो उठून आत गेला. मग परत आला आणि पेटी उचलून आत घेऊन गेला.

रत्नमाला दाराशी उभी होती. फोटोपेक्षा बारीक. ती म्हणाली, मी कंपूटर पायलासुदा नाई जी. मले सगळे इचारत होते, कोनासाठी उघडते रोज? मी काय सांगू? मग मलाच विचारलं, पन तुमी कावून उघडत होते?

उत्तर आईने दिलं. म्हणाली, लगन करायचं होतं बाई त्याले. कोनाले सांगता नाई आलं.

सासूबाईंनी चहा ठेवला. चहा सगळ्यांना मिळाला, मलाही.

१३ एप्रिल
तिचं नाव सूचीतून काढलं. बाबुलालने प्रोग्राम सुधारला. आता नुसतं उघडून तारीख पडत नाही, काही खरंच बदललं तरच पडते. देवरावजींनी सूचीचं काम माझ्याकडेच ठेवलं. म्हणाले, दुसऱ्या कोनाले येतच नाई, करा. मात्र आता दर महिन्याला घरोघरी जाऊन तोंडाने विचारायचं. मास्टर पासवर्ड त्यांच्याकडे.

संकल्प : काही नाही.

२५ एप्रिल, रविवार
त्यानंतर आज पहिल्यांदा कॅफेत जाऊन सूची लावली. इतर कोणाही माणसासारखी, पासवर्डशिवाय. बाबुलालने चुकीच्या तारखा पुसून टाकल्या आहेत. सगळ्यांपुढे १७ जानेवारी. तीन महिन्यांत एकानेही आपल्या स्थळात काही बदललेलं नाही.

एक सोडून. माझं. अखेरचा बदल : काल, अकरा वाजून दहा. त्या वेळी मी ड्यूटीवर होतो.

‘वय ३९. अपेक्षा काही नाही. मुलगा चांगला आहे.’

बाबुलाल म्हणाला, माताजी आई थीं, देवरावजी के साथ. घर का पासवर्ड परची पे लिखा था. बोलीं, जैसा बोलती हूँ वैसा टाइप करो.

मी काही बदललं नाही. घरी गेलो. आई विचारत होती, आज लवकर कसा आला. म्हटलं, काम नव्हतं.