शंकेला इंग्रजीत दोन शब्द

मंगळवार, ४ मार्च

गोदामातून घड्याळांचं एक खोकं गायब. हेड ऑफिसचा हुकूम — शिफ्टमधल्या प्रत्येकाने लेखी जबाब द्यायचा, तोही इंग्रजीत. आमच्यात इंग्रजी येतंय कुणाला?

साहेबांनी मनाशी ठरवूनच टाकलंय, महादूकाकांनी उचललं. का, तर फोर्कलिफ्ट त्यांच्याकडे होती. आमच्याच गावचे काका. नऊ वर्षांत त्यांनी कुणाची सुतळीसुद्धा घरी नेली नाही. मी डिस्पॅचला बसते, रोज बघते.

मला एवढंच लिहायचं होतं — महादूकाकांनी चोरलं याची मला शंकाच आहे. 'शंका'पाशी अडले. आमचा कुणाल इंग्लिश मिडियमचा, त्याच शिफ्टला पिकिंगला, रॅकवरून माल काढायला. भाऊ असल्याचा एवढा तरी फायदा! त्याला पूर्ण वाक्य मराठीत सांगितलं. म्हणाला, "सस्पेक्ट लिही, ताई." लिहिलं, सही ठोकली, मोकळी झाले.

बुधवार, ५ मार्च

काकांना गेटवरच अडवलं. कार्ड काढून घेतलं. सोमवारी पोलिसांत देणार म्हणे.

गुरुवार, ६ मार्च

मानकोलीला रिक्षाच्या लायनीत काका दिसले. मी आपली धावत गेले — काका, काळजी करू नका, मी तुमच्या बाजूने लिहिलंय. ते म्हणाले, "निशा, साहेबांनी तुजाच कागद वाचून दाखवला मना. तूच मना चोर लिवलास गो. आपलेच दात, आपलेच होट. कोनाला सांगू?"

तशीच धामणकर नाक्याला जोहाकडे गेले. कॉलेजची मैत्रीण, इंग्रजीचे क्लास घेते. तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, आय सस्पेक्ट म्हणजे त्याने घेतलं असं मला वाटतं. आय डाऊट म्हणजे घेतलं असं वाटत नाही. आपण दोन्हीला शंका म्हणतो, तिकडे ते चालत नाही."

मीच त्या माणसाला चोर केलं. येत नाही त्या भाषेत सही करायची हौस कशाला? स्वतःचाच इतका राग येतोय की जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

कुणालला झाप झाप झापलं. तोंड एवढंसं करून म्हणाला, "ताई, मला तरी कुठे फरक माहीत होता?" मग मलाच वाईट वाटलं. त्याचा काय दोष. वर म्हणतो, "आता जबाब बदलू नकोस, तुझीच नोकरी जाईल." जीव आहे त्याचा माझ्यावर.

तरी उद्या जाणार. सोमवारच्या आत.

शनिवार, ८ मार्च

नवा कागद दिला, डाऊट घातलेला. साहेब भडकले. "रोज नवीन लिहिणार का तू?" शेवटी फाइलच माझ्यापुढे टाकली — जुना शोध, फाड, हा लाव.

शनिवार, संध्याकाळ

फाइलमध्ये माझ्या जबाबाखाली कुणालचा होता. तारीख मंगळवारचीच. "आय सस्पेक्ट महादू. आय डाऊट एनीवन एल्स टुक इट."

दोन्ही शब्द. जिथल्या तिथे.

साहेबांकडून आणखी एक कोरा कागद मागून आणलाय. दारातून कुणाल विचारतोय — ताई, काय लिहितेयस?