एका क्रियापदात पाच भाषा

३ मार्च, सोमवार
आमच्या गाद्यांच्या कारखान्यात चौदा तारखेला परदेशी खरेदीदार येणार. त्यांच्याशी जो बोलेल तो एक्स्पोर्टचा मुख्य, असं साहेब म्हणाले. मी लगेच हात वर केला. अकरा वर्षं डिस्पॅचमध्ये चलनं फाडली, आता पुरे. हिला सांगून टाकलं, प्रमोशन झालंच समज. हिने विचारलं, तुम्हाला भाषा कुठली येते? म्हटलं, येईल.

४ मार्च, सकाळ
शोध लागला! लॅटिनमध्ये 'दॉर्मिरे' म्हणजे झोपणे. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन, सगळ्यांचं 'झोपणे' त्याचंच लेकरू. आई पाठ केली की पाच लेकरं फुकट. गाद्यांच्या धंद्यात दुसरं क्रियापद हवंय कशाला? लोक उगाच क्लासला पैसे भरतात.

७ मार्च, पहाटे ४
निश्चयाप्रमाणे उठलो. 'मी झोपतो', 'तू झोपतोस', 'तो झोपतो' झालं. 'आम्ही झोपतो'ला जरा टेबलावर डोकं टेकलं. चिंतनासाठी.

७ मार्च, ९.४०
ऑफिसला उशीर. हिने उठवायला हवं होतं.

१० मार्च
पॅकिंगच्या ताईही तयारीला लागल्यात. 'नमस्कार', 'किंमत', 'पाणी घेणार का' असलं फुटकळ पाठ करतात. मुळाशी जायची वृत्तीच नाही. कीव आली.

१३ मार्च
भूतकाळ, भविष्यकाळ तोंडपाठ. आठवडाभर रोज तीन तास झोप. डोळे लालभडक. अभ्यास चेहऱ्यावर दिसतो तो असा.

१४ मार्च, संध्याकाळ
योजना साधी होती. सॅम्पलच्या गादीवर आडवं व्हायचं आणि 'मी झोपतो' पाचही भाषांत म्हणायचं. पाहुणे आले. आडवा झालो. पहिलं वाक्य मनात जुळवलं.
पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा हॉलमधले दिवे बंद होते आणि कुणीतरी अंगावर पॅकिंगचं प्लास्टिक घातलं होतं.

१५ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नोकरी गेली असं धरूनच गेलो. पण साहेब हसत होते! पाहुणे म्हणे पाऊण तास माझ्याभोवती उभे होते. एकाने गादी गदागदा हलवली, तर मी नुसती कूस बदलली. आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर तिथल्या तिथे. छाती फुगली.
एक्स्पोर्टची खुर्ची मात्र पॅकिंगच्या ताईंना, पाहुण्यांशी त्या एकट्याच बोलल्या म्हणे. फार वाईट वाटलं. हिला काय तोंड दाखवू?
पुढच्या तिन्ही प्रदर्शनांना मलाही नेणार आहेत. म्हटलं, साहेब, तोवर दुसरं एखादं क्रियापद तयार करतो. साहेब घाईघाईने म्हणाले, घोरलात तरी चालेल, बोलू मात्र नका.